म्युन्स्टर : देवाच्या राज्याची घाई

27 फेब्रुवारी 1534. जर्मनीच्या वायव्य भागातले म्युन्स्टर शहर थंडीने गारठले होते. त्या दिवशी हत्यारबंद माणसे घरोघर फिरली आणि प्रत्येक दारात एकच प्रश्न विचारत गेली : बाप्तिस्मा घेता की शहर सोडता? नकार देणाऱ्यांना नेसत्या कपड्यांनिशी वेशीबाहेर घालवण्यात आले. त्यांत म्हातारे होते, आजारी होते, लेकरे कडेवर घेतलेल्या आया होत्या. घरदार, पैसा, धान्य सारे आत राहिले. कित्येकांनी भीतीपोटी बाजारचौकात मान खाली घालून बाप्तिस्मा घेतला.

हे करणारे लुटारू नव्हते. आपण देवाचे काम करत आहोत अशी त्यांची खात्री होती. येत्या ईस्टरला जगाचा नाश होणार, फक्त म्युन्स्टर वाचणार, कारण हेच नवे यरुशलेम आहे आणि देवाचे राज्य इथूनच सुरू होणार आहे, असे त्यांना सांगण्यात आले होते आणि ते त्यांना मनापासून पटले होते. पुढचे सुमारे सोळा महिने या शहरात जे घडले, त्याचा अभ्यास प्रत्येक श्रद्धावंताने करावा असे मला वाटते.

राज्य आलेले आणि यायचे असलेले

येशूने गालीलात उपदेशाला सुरुवात केली ती देवाचे राज्य जवळ आल्याच्या घोषणेने. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत त्याच्या शिकवणुकीचा गाभा हाच आहे. या राज्याची व्याख्या मात्र त्याने कुठे केली नाही. त्याने दाखले सांगितले : मोहरीचा दाणा, पिठात मिसळलेले खमीर, शेतात पुरलेली ठेव. हे राज्य केव्हा येणार असे परूश्यांनी विचारले, तेव्हा ते डोळ्यांना दिसेल अशा रीतीने येत नाही, ते तुमच्यामध्येच आहे, असा त्याच्या उत्तराचा आशय होता. त्याच येशूने शिष्यांना प्रार्थना शिकवली, तिच्यात मात्र देवाचे राज्य यावे अशी मागणी आहे. राज्य सुरू झाले आहे आणि त्याची पूर्णता अजून व्हायची आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मानून जगणे सोपे नाही. ख्रिस्ती इतिहासातल्या पुष्कळ उलथापालथी या अवघडपणातूनच झाल्या आहेत.

या दाखल्यांपैकी गहू आणि निदण यांचा दाखला इथे फार महत्त्वाचा आहे. धन्याने शेतात चांगले बी पेरले आणि रात्री वैऱ्याने त्यात निदण, म्हणजे तण, टाकले. नोकर ते उपटायला निघाले, तेव्हा धन्याने त्यांना थांबवले, कारण निदण काढताना गहूही उपटला गेला असता. दोन्ही कापणीपर्यंत वाढू द्यायचे होते आणि निवड कापणीच्या वेळी व्हायची होती. म्युन्स्टरचे सारे अरिष्ट या एका दाखल्याकडे पाठ फिरवल्यामुळे ओढवले, आणि पाठ फिरवणारे लोक तटाच्या दोन्ही बाजूंना होते.

बिशपच्या हातातली सत्ता

पहिल्या तीन शतकांत ख्रिस्ती मंडळी छळ सोसत होती आणि प्रभूच्या पुनरागमनाची वाट पाहत होती. 313 मध्ये कॉन्स्टंटाइनच्या काळात छळ थांबला आणि 380 मध्ये ख्रिस्ती धर्म रोमन साम्राज्याचा राजधर्म झाला. पुढे हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने आपल्या देवाच्या नगरीविषयीच्या ग्रंथात, प्रकटीकरणाच्या पुस्तकातली ख्रिस्ताच्या राज्याची हजार वर्षे म्हणजे चर्चचा चालू काळच, असा अर्थ लावला. हा अर्थ शतकानुशतके टिकला. त्यामुळे लोकांची शेवटाबद्दलची अधीरता निवळली, पण चर्च म्हणजेच देवाचे राज्य ही समजूतही बळावत गेली.

सोळाव्या शतकात या समजुतीचे दृश्य रूप म्युन्स्टरमध्येच पाहायला मिळत होते. तिथला राज्यकर्ता हा बिशपही होता आणि राजाही. 1532 मध्ये हे पद फ्रान्झ फॉन वाल्डेककडे आले, तेव्हा त्याची पुरोहितदीक्षासुद्धा झालेली नव्हती. कर, सैन्य, न्याय आणि धर्म अशा साऱ्या गोष्टी एकाच हातात होत्या.

दरम्यान 1517 मध्ये मार्टिन ल्यूथरने सुरू केलेली धर्मसुधारणा जर्मनीभर पसरली होती. 1524-25 मध्ये शेतकऱ्यांनी मोठे बंड केले. देव आता दुष्टांचा निकाल लावणार आणि ते काम निवडलेल्यांच्या तलवारीने होणार, असे थॉमस म्युन्त्सर हा उपदेशक त्यांना सांगत होता. 15 मे 1525 रोजी फ्रांकेनहाउझेन इथे त्याच्या शेतकरी सैन्याची कत्तल झाली आणि बारा दिवसांनी त्याचा शिरच्छेद करण्यात आला. या बंडात एकूण सुमारे एक लाख शेतकरी मारले गेले असा अंदाज आहे. ल्यूथरने आध्यात्मिक राज्य आणि ऐहिक राज्य वेगळे मानले होते. हा विचार खोल होता, पण गांजलेल्या शेतकऱ्याला त्यातून दिलासा मिळाला नाही. त्याला आपल्या हयातीत न्याय हवा होता.

याच वर्षी, 21 जानेवारी 1525 रोजी, झुरिकमध्ये काही तरुणांनी एकमेकांना प्रौढपणी बाप्तिस्मा दिला. विश्वास समजून उमजून स्वीकारायचा असतो, त्यामुळे तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा खरा नाही, असे त्यांचे म्हणणे होते. विरोधकांनी त्यांना ॲनाबाप्टिस्ट, म्हणजे दुसऱ्यांदा बाप्तिस्मा देणारे, म्हटले. त्यांच्यापैकी फेलिक्स मान्झ याला जानेवारी 1527 मध्ये लिमात नदीत बुडवून मारण्यात आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत श्लाइटहाइम इथे जमलेल्या ॲनाबाप्टिस्टांनी ख्रिस्ताच्या अनुयायाने तलवार हाती घेऊ नये असे ठरवले. त्या ठरावामागचा मुख्य माणूस मिखाएल साटलर याला मे महिन्यात हालहाल करून जाळले. 1529 मध्ये श्पायर इथल्या साम्राज्याच्या सभेने तर दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेण्यासाठी सरसकट मृत्युदंड लावला. कॅथलिक आणि ल्यूथरपंथी यांचे या एका मुद्द्यावर एकमत होते.

अशा छळात शांततावादी नेते संपत गेले. मागे उरलेल्यांपैकी पुष्कळांची मने दानीएल आणि प्रकटीकरण या पुस्तकांकडे वळली. मेल्किओर होफमान हा फरच्या कपड्यांचा कारागीर गावोगाव उपदेश करत फिरत असे. 1533 मध्ये स्ट्रासबर्ग नवे यरुशलेम होईल असे त्याने सांगितले. शस्त्र उचलायला मात्र तो अनुयायांना सांगत नव्हता, देव स्वतः कृती करील अशी त्याची शिकवण होती. स्ट्रासबर्गच्या नगरसभेने त्याला कैदेत टाकले आणि तो तिथेच वारला. त्याच्या अनुयायांची सूत्रे हार्लेमचा बेकर यान मात्थायस याच्या हाती गेली. वाट पाहण्याचे दिवस सरले, असे मात्थायसचे म्हणणे होते.

नवे यरुशलेम

म्युन्स्टरमध्ये जमीन तयार होती. बर्नहार्ड रोथमान या लोकप्रिय उपदेशकाच्या मागे शहरातले कारागीर आणि व्यापारी उभे होते. त्यांत कापडाचा मोठा व्यापारी बर्नहार्ड क्निपरडोलिंगही होता. फेब्रुवारी 1533 मध्ये बिशपला शहरातली पॅरिश चर्चेस सुधारणावाद्यांना द्यावी लागली. रोथमान हळूहळू ॲनाबाप्टिस्ट विचारांकडे झुकला. जानेवारी 1534 च्या सुरुवातीला मात्थायसने पाठवलेले दोन प्रेषित शहरात आले, त्यांनी रोथमानला बाप्तिस्मा दिला आणि पुढच्या आठवड्याभरात सुमारे 1400 प्रौढांनी बाप्तिस्मा घेतला. पाठोपाठ पंचविशीचा एक शिंपी आला. त्याचे नाव यान फान लायडन. देखणा, हजरजबाबी, नाटकांतून कामे केलेला हा तरुण लोकांच्या मनाचा ठाव घेण्यात तरबेज होता.

23 फेब्रुवारीला नगरसभेची निवडणूक झाली आणि ती रीतसर झाली. ॲनाबाप्टिस्टांना बहुमत मिळाले आणि क्निपरडोलिंग महापौर झाला. चारच दिवसांनी बाप्तिस्मा नाकारणाऱ्यांची हकालपट्टी झाली. लगेच बिशपच्या सैन्याने शहराला वेढा घातला.

या लोकांची आशा नेदरलँड्समध्येही पसरली होती. मार्चमध्ये सुमारे 3000 स्त्रीपुरुष आणि मुले होड्यांतून म्युन्स्टरकडे निघाली. महागाई आणि छळ यांनी ती पिचलेली होती. अधिकाऱ्यांनी वाटेतच अडवले तेव्हा त्यांनी फारसा प्रतिकारही केला नाही. पुढाऱ्यांना ठार करून बाकीच्यांना परत पाठवण्यात आले. म्युन्स्टरची कथा सांगताना या माणसांचा विसर पडता कामा नये. त्यांची भूक खरी होती आणि देवावरचा भरवसाही खरा होता.

शहरात मात्थायसचा शब्द कायदा झाला. पैसा जमा करून घेण्यात आला, धान्य सामाईक झाले, वेशींजवळ पंगती बसू लागल्या. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पहिल्या मंडळीचे जे चित्र आहे, ते पुन्हा उभे करायचे होते. घरांची दारे रात्रंदिवस उघडी ठेवण्याची आज्ञा होती. डुकरे आत येऊ नयेत एवढ्यापुरता आडोसा करायची मुभा होती. पण यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत लोकांनी स्वखुशीने दिले होते, इथे न देणाऱ्याला शिक्षा होती. बायबल सोडून बाकीची पुस्तके जाळण्यात आली. हुबर्ट र्युशर नावाच्या लोहाराने या प्रेषितांविरुद्ध उघड तोंड उघडले, तेव्हा मात्थायसने त्याला लोकांसमोर मारले. प्रेमाने चालणारे राज्य उभारायला निघालेल्या माणसांच्या हातून असे रक्त सांडले आणि त्यानंतर त्यांना थांबता आले नाही.

5 एप्रिल 1534 रोजी ईस्टर होता, जगाच्या अंताचा ठरलेला दिवस. मात्थायस मोजके साथीदार घेऊन वेशीबाहेर पडला. देव आपल्यासाठी लढेल अशी त्याची खात्री होती. वेढा घालणाऱ्यांनी त्याचे तुकडे केले.

शिंप्याचे सिंहासन

भविष्य खोटे ठरले होते. तेव्हाच सारे संपायला हवे होते, पण वेढ्यात अडकलेल्या माणसांना परतायला वाट नव्हती आणि यान फान लायडन पुढे आला. मेमध्ये त्याने काही दिवस मौन धरले आणि मग देवाच्या आज्ञेने बारा वडील नेमल्याचे जाहीर केले. नव्या नियमांत निंदा, आज्ञाभंग, कुरकुर अशा गोष्टींनाही मृत्युदंड होता.

जुलैमध्ये त्याने बहुपत्नीत्व सक्तीचे केले. शहरात बायकांची संख्या पुरुषांच्या दुपटीहून अधिक होती आणि जुन्या करारातल्या कुलपतींचे दाखले हाताशी होते. या आज्ञेने लोक हादरले. हाइनरिश मोलेनहेके या लोहाराने माणसे जमवून यानला पकडलेही, पण बंड मोडले आणि सुमारे पन्नास जणांना मारण्यात आले.

31 ऑगस्टचा बिशपचा मोठा हल्ला शहराने परतवला. तटावर बायकासुद्धा उकळता चुना आणि पेटते डांबर घेऊन उभ्या होत्या. या विजयानंतर वारेनडोर्फहून आलेल्या एका सोनाराने जाहीर केले की देवाने यानला साऱ्या जगाचा राजा नेमले आहे. शिंपी दाविदाच्या सिंहासनावर बसला. त्याच्या गळ्यातल्या सोन्याच्या साखळीत पृथ्वीचा गोल होता आणि त्या गोलात दोन तलवारी आरपार घुसवलेल्या होत्या. मात्थायसची विधवा दिवारा ही पट्टराणी झाली. यानने पुढे एकूण सोळा बायका केल्या. बाजारचौकात राजाचा दरबार भरे, तेव्हा प्रजेचे जादा कपडे आणि दागिने आधीच जप्त झालेले असत.

या साऱ्याला धर्मशास्त्राचा आधार देण्याचे काम रोथमानने केले. दाविदाने लढाया जिंकून राज्य निर्वेध केले आणि मग शलमोन शांतीने सिंहासनावर बसला, तसेच आताही व्हायचे आहे, असे त्याने लिहिले. आधी संतांनी तलवारीने दुष्टांचा निकाल लावायचा, मग खरा शलमोन म्हणजे ख्रिस्त येईल. रोथमान विद्वान होता आणि त्याला बायबल मुखोद्गत होते, म्हणून त्याची चूक अधिक घातक ठरली. ख्रिस्ताचे राज्य ख्रिस्ताच्या गैरहजेरीत आणि ख्रिस्ताने नाकारलेल्या साधनांनी आणायचे, असा त्याच्या मांडणीचा अर्थ होता. पिलातापुढे उभ्या असलेल्या येशूने आपले राज्य या जगाच्या रीतीचे असते तर आपले सेवक लढले असते, असे सांगितले होते. त्या उत्तराला रोथमानच्या राज्यात जागा नव्हती.

ऑक्टोबरमध्ये आसपासच्या चार शहरांकडे 27 प्रेषित पाठवण्यात आले. हाइनरिश ग्रेस हा एकटा वाचला, तो बिशपचा हेर होऊन परतला. बाकीच्यांना मारण्यात आले. 1535 च्या ईस्टरपर्यंत सुटका होईल असे राजाने सांगितले होते. ईस्टर गेला, तेव्हा ती सुटका आत्म्याची होती असे त्याने जाहीर केले. तोवर लोक कुत्री, मांजरे, उंदीर आणि गवत खात होते. जे बाहेर पडले त्यांतले पुरुष वेढ्याच्या सैन्याने मारले. बायका आणि मुले तट आणि छावणी यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यात अडकली, तिथे उपाशी तडफडली आणि त्यांतली कित्येक मेली. जूनमध्ये एलिझाबेथ वांडशेरर या राणीने उपाशी प्रजेबद्दल कळवळा दाखवला आणि शहर सोडण्याची परवानगी मागितली, असे सांगतात. राजाने बाजारचौकात स्वतःच्या हाताने तिचा शिरच्छेद केला.

हाइनरिश ग्रेसबेक हा सुतार पळून बिशपच्या छावणीत गेला आणि त्याने तटाची कमजोर जागा दाखवली. 24 जूनच्या रात्री सैन्य आत शिरले आणि दुसऱ्या दिवशी शहर पडले. कत्तल झाली. दिवाराने विश्वास सोडायला नकार दिला, तिला जुलैत मारण्यात आले. रोथमानचे काय झाले ते कधीच कळले नाही. 22 जानेवारी 1536 रोजी यान, क्निपरडोलिंग आणि त्यांचा साथीदार बर्नहार्ड क्रेख्टिंग यांना लोकांसमोर तापल्या सांडशींनी छळून ठार केले आणि त्यांची प्रेते लोखंडी पिंजऱ्यांत घालून सेंट लॅम्बर्ट चर्चच्या मनोऱ्यावर टांगली. हे पिंजरे आजही तिथे आहेत. बिशपने ही शिक्षा ख्रिस्ताच्या नावाने, चर्चच्या मनोऱ्यावर केली. निदण उपटायचा अधिकार आपल्याला आहे, अशी त्याचीही खात्री होती.

दुसरी वाट

म्युन्स्टर शेवटच्या घटका मोजत असताना फ्रीसलंडमधल्या बोल्सवर्डजवळचा एक मठ शस्त्रधारी ॲनाबाप्टिस्टांनी ताब्यात घेतला. एप्रिल 1535 मध्ये तो पडला आणि पुष्कळ जण मारले गेले. जवळच्या वित्मार्सुम गावचा कॅथलिक पुरोहित मेनो सायमन्स या बातमीने अंतर्बाह्य हलला. ही माणसे चुकीच्या वाटेने गेली, पण विश्वासासाठी त्यांनी प्राण दिले, आणि आपल्याला सत्य कळत असूनही आपण सुखात बसलो आहोत, ही बोच त्याला राहिली. त्याने यान फान लायडनच्या राजेपणाविरुद्ध एक पुस्तिका लिहिली. ख्रिस्ताखेरीज दुसरा राजा नाही आणि त्याचे शस्त्र त्याचे वचन आहे, हे तिचे सूत्र होते. जानेवारी 1536 मध्ये त्याने पुरोहितपद सोडले आणि विखुरलेल्या, घाबरलेल्या ॲनाबाप्टिस्टांची जबाबदारी घेतली. 1542 मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने त्याच्या अटकेसाठी 100 गिल्डरांचे बक्षीस लावले. मेनो पंचवीस वर्षे बायकामुलांसह लपतछपत फिरला आणि 1561 मध्ये वारला.

मेनोने देवाच्या राज्याची आशा सोडली नाही, हे मला फार मोलाचे वाटते. म्युन्स्टर पाहून कित्येकांनी ती आशाच धोकादायक ठरवली. त्याने तिच्यातून तलवार तेवढी बाजूला काढली. गरजूंना देणे, खोटे न बोलणे, सूड न घेणे, हे त्या राज्याचे आजच पाळायचे कायदे आहेत आणि राज्याची पूर्णता देव त्याच्या वेळी करील, असे तो शिकवत राहिला.

या शिकवणुकीने कशी माणसे घडली, ते 1569 मध्ये हॉलंडमधल्या आस्पेरेनजवळ दिसले. डर्क विलेम्स हा ॲनाबाप्टिस्ट कैदेतून पळाला होता. गोठलेले पाणी पार करून तो सुटलाही, पण मागून धावणारा शिपाई पातळ बर्फ फुटून बुडू लागला. डर्क परत फिरला आणि त्याने त्याला वर ओढले. त्यानंतर तो पकडला गेला आणि मे महिन्यात त्याला जिवंत जाळण्यात आले.

मेनोच्या नावाने ओळखले जाणारे मेनोनाइट पुढे जगभर पसरले. 1899 मध्ये त्यांचे मिशनरी तेव्हाच्या मध्य प्रांतातल्या धमतरी इथे आले, ते दुष्काळाने उपाशी असलेल्या माणसांच्या मदतीला. आणि म्युन्स्टरनेही शहाणपण शिकलेला युरोप पाहिला. तीस वर्षांच्या धर्मयुद्धाने मध्य युरोप उद्ध्वस्त झाल्यावर 24 ऑक्टोबर 1648 रोजी वेस्टफालियाच्या तहावर सह्या झाल्या, त्या याच शहरात.

म्युन्स्टरच्या लोकांनी न्याय मागितला यात त्यांचे चुकले नाही. भुकेल्याला अन्न आणि चिरडलेल्याला मान मिळावा, हे देवाच्या राज्यातच बसणारे आहे. कापणी आपल्या हाती आहे असे त्यांनी मानले, हे त्यांचे चुकले. बिशपनेही तेच मानले आणि त्यानंतर अनेक देशांत, अनेक धर्मांच्या लोकांनी तेच मानले आहे. आपल्याकडच्या मंडळ्यांतूनही देवाचे राज्य यावे अशी प्रार्थना नित्य होते. ती करणाऱ्या प्रत्येकाने गव्हाचा आणि निदणाचा दाखला तिच्याबरोबर वाचावा. पेरणी करावी, भुकेल्याला वाढावे, अन्यायाविरुद्ध निर्भयपणे बोलावे. पण कोण गहू आणि कोण निदण याचा निवाडा मी करतो असे जो म्हणेल, तो कितीही मोठा भक्त असला तरी त्याच्यामागे जाऊ नये.